कोपऱ्याचा प्लॉट

सोमवार, १९ नोव्हेंबर २०१२. दुय्यम निबंधक कार्यालय, रिसोड. हजर: दादा, म्हणजे माझा थोरला आणि एकुलता एक भाऊ, वहिनी, आमचे हे, मी, एक अर्जनवीस, आणि समोरच्या टपरीवरून चहा अर्धा टाकून बोलावून आणलेले दोन साक्षीदार, ज्यांना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. आई आली होती, पण बाहेर जीपमध्ये बसून राहिली. तिला मी हजेरीत धरलेलं नाही.

मी एका खाजगी शाळेत लिपिक आहे. हजेरी मांडणं हा कामाचा भाग, पुढे तो स्वभाव झाला. कुठेही गेले की कोण आलं, कोण नाही, काय ठरलं आणि काय राहिलं हे घरी येऊन वहीत उतरवते. त्या सोमवारचं पान अजून आहे.

काम वीस मिनिटांचं होतं. बाबा त्या वर्षी चैत्रात गेले. केनवडजवळची रस्त्याला लागून असलेली जमीन आई, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर चढली होती. आईने आपला हिस्सा आधीच दादाला लिहून दिला होता, आता माझं नाव उतरवायचं होतं. त्यासाठी हक्कसोडपत्र. मी माझा हिस्सा राजीखुशीने, काहीही मोबदला न घेता भावाला सोडून देत आहे, असं बहिणीने लिहून द्यायचं. आमच्याकडे हे सणासारखंच होतं. भाऊबीजेला बोलवायचं, चार दिवस ठेवून घ्यायचं, साडी नेसवायची आणि सासरी पोचवताना जीप वाटेत या कार्यालयासमोर थांबवायची. जी सही देत नाही तिचा हिस्सा राहतो आणि माहेर जातं. म्हणून सगळ्या देतात. मीही दिली. राग आला नाही. असंच असतं असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

राग आला सव्वा वर्षाने.

दादाने त्या जमिनीचा रस्त्याकडचा भाग अकृषक करून घेतला आणि लेआउट पाडलं. चुन्याच्या रेघा मारल्या, लहान लहान दगड रोवले आणि माघात पूजा ठेवली. आम्हाला बोलावणं होतं. पूजा झाल्यावर मी चुन्याच्या रेघांवरून फिरून आले. सगळ्यात पहिला प्लॉट कोपऱ्याचा होता. एका अंगाला मोठा रस्ता, दुसऱ्या अंगाला लेआउटमध्ये शिरणारा. लहानपणी आम्ही तिथे घरी जायची बैलगाडी सुटायची वाट बघत बसायचो. मला तो हवा झाला. फुकट नको होता. मी मंडपात दादाजवळ गेले. त्याच्याभोवती आठ-दहा पुरुष खुर्च्या टाकून बसले होते.

"दादा, तो कोपऱ्याचा मले देशीन का? हप्त्यानं देईन मी पैसे. पगारातून."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या पुरुषांकडे.

"तुले? अन् काय करशीन त्याच्यावर? पोयपाट ठेवशीन?"

सगळे हसले. एक जण इतका हसला की त्याच्या हातातला द्रोण कलंडला.

"पैसे आण, मंग बोल," दादा म्हणाला. "हप्ता-बिप्ता नाही. धंदा हाय हा."

त्याच्या शेजारीच त्याचा साडू बसला होता, वहिनीच्या बहिणीचा नवरा. त्याने त्याच सकाळी तीन प्लॉट हप्त्याने घेतले होते. हे मला वहिनीनेच स्वयंपाकघरात कौतुकाने सांगितलं होतं. तो पेढा खात होता.

परत येताना मोटारसायकलवर हे आधी खड्डे चुकवत राहिले. मग म्हणाले, "पेढा मात्र चांगला होता."

मी त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. घरी आल्यावर वहीचं एक कोरं पान उघडलं आणि वर 'दादा' लिहिलं. खाली एकच ओळ: पैसे आण, मग बोल. तारीख घातली. पुढची कितीतरी वर्षं त्या पानावर दुसरं काही लिहिलं नाही. गरजच नव्हती.

आता लोक मला विचारतात, बाई, पगारदार माणूस तुम्ही, हाताशी काही नसताना प्लॉटच्या धंद्यात कशा शिरलात? मी त्यांना भिशीचं सांगते, इसाराचं सांगते. ते खोटं नाही. पण सुरुवात त्या मंडपात झाली. भावाने ज्याला धंदा म्हटलं तो मला त्याच्यापेक्षा चांगला येतो, हे मला त्याला दाखवायचं होतं. आणि कधी ना कधी त्याने काहीतरी मागायला माझ्या दारात उभं राहावं आणि मी त्याला त्याचंच वाक्य ऐकवावं, एवढं मला हवं होतं. बाकी सगळं त्यासाठी.

पहिलं वर्ष मी काहीच घेतलं नाही, फक्त बघितलं. दर रविवारी एक जागा. रिसोडमधल्या पायी, बाहेरच्या एसटीने. प्रत्येक जागेचं एक पान. रस्ता नकाशावर किती आणि प्रत्यक्षात किती. पावसाळ्यात पाणी कुठून जातं, हे विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या बाईला विचारायचं. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात उतरतं. सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं. मालक विकतोय का, की त्याची बायको विकायला लावतेय. दलाल मला टाळायचे. घेत नाही, नुसती प्रश्न विचारते म्हणायचे.

त्या पानांमधून एक गोष्ट हळूहळू दिसू लागली. ज्या जागा वर्षानुवर्षं विकल्या जात नव्हत्या, ज्यांचा भाव पडलेला होता, त्यांतल्या निम्म्याअधिक जागांच्या पानावर मी एकच कारण लिहिलं होतं: बहीण सही देत नाही.

रिसोडला जुन्या वस्तीत दोन भावांची एक मोकळी जागा होती. चांगली, चौकोनी, बाजारापासून पाच मिनिटांवर. कोणी हात लावत नव्हतं. दलाल म्हणाला, "त्या भानगडीत नोका पडू बाई. बहीण लय कडू हाय. दोघा वकिलाले परत धाडलं तिनं."

"तिचा पत्ता द्या."

"कायले?"

"कडू आहे ना, चव बघून येते."

बहीण मालेगावच्या पलीकडे एका खेड्यात राहत होती. मी एसटीने गेले. ती गच्चीवर उडदाचे पापड घालत होती. मी पदर खोचला आणि लाटायला बसले. कशाला आले ते सांगून टाकलं. तीन तास तिने फक्त माझे पापड कुठे जाड झाले तेवढं सांगितलं. जेवताना एकदम म्हणाली, "त्यानं ड्रायव्हरच्या हातानं कागद धाडला. ड्रायव्हरच्या! सख्ख्या भावानं! म्या त्या ड्रायव्हरले जेवू घातलं, त्याचा काय दोष, अन् कागद घातला चुलीत."

"वकील आले होते ना नंतर?"

"वकील काय भाऊ हाय माहा?"

तिचा हिस्सा किती निघतो ते तिला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. मी कागदावर मांडून दाखवलं. ती त्या कागदाकडे बघत राहिली आणि मग तिने मला दुसरी पोळी वाढली.

भिशीत माझा नंबर लागला होता. तेवढ्या पैशात मी त्या जागेचा इसार केला. इसार म्हणजे थोडी रक्कम देऊन जागा सहा महिने बांधून ठेवायची. तेवढ्यात बाकीचे पैसे उभे करायचे किंवा दुसरा घेणारा आणायचा. इसारपावतीत मी दोन अटी टाकल्या. बहिणीच्या हिश्शाचा चेक तिच्याच नावाने, त्याच दिवशी, त्याच टेबलावर. आणि थोरल्या भावाने स्वतः जाऊन तिला घेऊन यायचं. पहिल्या अटीवर भाऊ कुरकुरले. दुसरीवर भांडले. पण जागा नऊ वर्षं पडून होती. थोरला गेला, जेवला, घेऊन आला. पाचव्या महिन्यात ती जागा एका औषधवाल्याने घेतली आणि किमतीतला मधला फरक मला राहिला.

पुढे माझी पद्धत तीच. बाकीचे जिथून परत फिरतात तिथे जायचं, अडलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात बसायचं, तिचं म्हणणं ऐकायचं, तिचा हिस्सा कागदावर मांडायचा. दहा वर्षांत सात व्यवहार झाले. एकदा आपटलेही. बहीण हो म्हणाली, तिचा मुलगा नाही म्हणाला, सहा महिने उलटले आणि इसार बुडाला. त्या वर्षी दिवाळीला घरात नवीन काही आलं नाही. हे म्हणाले, "जुने पडदे मले आवडतात." पण सात झाले. दलाल आता स्वतः फोन करतात. पाठीमागे मला 'सहीवाली बाई' म्हणतात, ते मला कळलंय.

पुण्याचं काम करता म्हणणारेही भेटतात. मी नाही म्हणत नाही. पण खरं हे की त्या टेबलावर बहिणीसमोर चेक सरकवताना भावाचा चेहरा जेव्हा जेव्हा आंबट व्हायचा, तेव्हा तेव्हा मला तिथे दादा दिसायचा. सातही वेळा.

दादाचं बरं चाललं होतं. पहिले सगळे प्लॉट गेले. कोपऱ्याचा त्याने स्वतःसाठी ठेवला, तिथे दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधायचं म्हणून. मागच्या जमिनीवर दुसरं लेआउट पाडायची तयारी चालू होती. आई गेली तेव्हा आम्ही तेरा दिवस एका घरात होतो आणि पाहुण्यांसमोर नीट बोललो.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या फेरफाराची नक्कल काढायला मी तहसीलला गेले होते. फेरफार म्हणजे जमिनीवर नाव कसं चढलं, कसं उतरलं याची नोंद. अर्जात चार गट नंबर मागता येत होते, मला तीनच हवे होते. चौथी ओळ रिकामी होती. रिकामी ओळ मला बघवत नाही. मी बाबांच्या जमिनीचा गट नंबर टाकला.

नक्कल तीन आठवड्यांनी मिळाली. नोंद माझ्या जन्माच्या आधीची, आजोबा गेल्यावरची. वारस: मुलगा एक, मुलगी एक. आणि खाली, सुबक अक्षरात: 'मुलगी हिने आपला हक्क भावाचे लाभात तोंडी सोडून दिला.' त्याखाली निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

मुलगी म्हणजे आत्या.

मी तहसीलच्या पायऱ्यांवर बसले. आत्या गावातली चौथी पास झालेली पहिली मुलगी. मला मुळाक्षरं तिने शिकवली. सासरहून तिची पत्रं यायची, रेघेवर एक अक्षर खाली न उतरलेली, आणि शेवटी पूर्ण नावाची सही. ती पत्रं घरात मोठ्याने वाचून कोण दाखवायचं? बाबा.

अंगठा आत्याचा नव्हता.

त्या दिवशी मला काय वाटलं ते लिहायचं तर आधी आनंद झाला, हे लिहावं लागेल. बाबांचं वाईट नंतर वाटलं, बसमध्ये. आधी मी नक्कल घडी करून पर्समध्ये ठेवली आणि दादाचं दुसरं लेआउट डोळ्यांसमोर आणलं.

आत्या वाशीमला मुलाकडे असते, स्टेशनच्या बाजूला. ऐंशीच्या घरातली, चष्मा जाड, कान तिखट. मी गेले तेव्हा अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. मी नक्कल तिच्या हातात दिली. तिने पदराने चष्मा पुसला आणि ओठ हलवत पूर्ण वाचली. मग अंगठ्याच्या ठशाजवळ नेऊन आपला अंगठा धरला.

"हा त मोठा हाय. तुया आजीचा असन."

"आजीचा?"

"पोरानं म्हटलं असन, लाव. तिनं लावला. तिले काय, पोरानं सांगतलं त तिनं तहसीलदाराच्या नावाचाबी अंगठा देल्ला असता." आत्या हसली. मग हसू थांबलं. "मले विचारलं असतं त म्या सही करून देल्ली असती वं. तवा देल्ली असती. विचारलं काहून नाही यानं?"

 मी वकिलाचं बोलू लागले. वकिलाला मी आधीच विचारलं होतं. अर्ध्या जमिनीवर दावा सांगता येईल, पण खटला लांबेल, तुमच्या आत्याबाईंच्या वयाचं बघा, असं तो म्हणाला होता. मात्र नुसती नोटीस गेली आणि पेपरात आली की दुसऱ्या लेआउटमधल्या प्लॉटला कोणतीही बँक कर्ज देणार नाही.

"दादा येईल धावत," मी म्हणाले.

आत्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत होती. "तुले काय पाह्यजे याच्यातून?"

"तुझा हिस्सा मिळावा."

"ते झालं माय. तुले काय पाह्यजे?"

मी तिला मंडपाची गोष्ट सांगितली. पोळपाटासकट. ती भाजीच्या काड्या बाजूला करत ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं, धाड नोटीस."

नोटीस गेली. तिसऱ्या रविवारी सकाळी दादा आणि वहिनी आमच्या दारात. मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. चहा ठेवला नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस पत्ता विचारायला आला तरी चहा होतो. हे स्वयंपाकघरात गेले आणि भांड्यांचा आवाज आला तशी मी दारातून डोळे वटारले. ते परत येऊन बसले.

"तूनं केलं ना हे?" दादा म्हणाला.

"मी फक्त नक्कल काढली."

"म्हातारीले काय समजते त्यातलं? तूच भरवलं तिच्या मनात. बाबाचं नाव घालवून राह्यली तू."

"कागद बाबांच्याच वेळचा आहे, दादा. मी नाही लिहिला."

"तीन जणांनं बुकिंग वापस घेतलं. तीन जणांनं! काय पाह्यजे तुले, सांगून टाक ना."

इतकी वर्षं मी हे वाक्य तयार ठेवलं होतं. भांडी घासताना, एसटीत, शाळेत टी.सी. लिहिताना, कोणत्या आवाजात म्हणायचं ते ठरवलं होतं. मी म्हणाले, "पैसे आण, मग बोल."

त्याने भुवया उंचावल्या. "किती?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला आठवतच नव्हतं. तो खरंच आकडा विचारत होता. वहिनीला आठवलं. तिने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. पण दादाच्या तोंडावर काही नव्हतं, नुसता हिशेब.

त्याने माफी मागितली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्याने मागितली नाही, कारण मागण्यासारखं काही झालं होतं हेच त्याच्या गावी नव्हतं. माझा राग त्या सकाळी दुप्पट झाला.

"मला काही नको," मी म्हणाले. "जे द्यायचं ते आत्याला द्यायचं. जा, वाशीमला जा. आणि ड्रायव्हरला पाठवू नकोस, स्वतः जा."

"ड्रायव्हरचं काय?"

"काही नाही."

तो गेला. एकदा नाही, चार वेळा. पहिल्यांदा केळी घेऊन, दुसऱ्यांदा वहिनीला घेऊन, तिसऱ्यांदा रोख रकमेचं बोलणं घेऊन. प्रत्येक वेळी आत्याने त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. चौथ्या वेळी मला बोलावून घेतलं. दादा खाटेच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत.

"आत्या, आकडा तूच सांग," तो म्हणाला.

"पैशाले पाय असते बापू. मले जमीन दे."

"किती?"

"अर्धी होते म्हणते वकील." दादाचा चेहरा बघून ती जरा थांबली. मला वाटतं तिला ते आवडलं. मलाही. "पण मी कुठी नांगर धरू आता? एक प्लॉट दे. चांगला."

"मागच्यातला कोणताबी घे."

"मागचा कायले? कोपऱ्याचा दे."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे. त्याचं कॉम्प्लेक्स, त्याची दुकानं, खाली पाच वर चार, सगळं त्याने लोकांना सांगून ठेवलं होतं.

"आत्या, तो सोडून..."

"मंग अर्धी दे."

तो प्लॉट त्याने आत्याच्या नावावर करून दिला, आणि त्याच दिवशी आत्याने बाकीच्या जमिनीचा हक्क सोडला. या वेळी खऱ्या सहीने. निबंधक कार्यालयातल्या मुलीने सवयीने शाईची डबी पुढे सरकवली, तेव्हा आत्या म्हणाली, "पेन नाही का तुयाजवय?" ठसा आता सगळ्यांनाच द्यावा लागतो, तोही तिने दिला. पण सही आधी केली, पूर्ण नावाची, वेळ घेऊन. मागे रांग थांबली होती. दादा भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्या तोंडावरून नजर हलवली नाही.

बाहेर येऊन आम्ही दोघी रसवंतीवर बसलो. मी पर्समधून कागद काढला. मी इसारपावती घरून तयार करून आणली होती. कोपऱ्याचा प्लॉट, घेणार मी, देणार आत्या, भाव बाजाराचा, एक पैसा कमी नाही, इसार आता, बाकी अठरा महिन्यांत. आठवा व्यवहार. तो माझाच होता, मला त्यात शंका नव्हती.

आत्याने रस बाजूला ठेवला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग घडी करून माझ्या पर्सच्या कप्प्यात परत घातला.

"भाव चांगला लावला तूनं."

"मग?"

"मी नाही देत."

"आत्या! का पण?"

"तुया बापानं मले न विचारता अंगठा लावला. तू विचारून सही मागून राह्यली. फरक हाय, मानतो मी. पण मागून त तूबी राह्यलीच ना."

"तू त्या प्लॉटचं काय करणार आहेस?"

"काहून? पोयपाट ठेवीन."

ती इतक्या जोरात हसली की रसवाल्याने वळून बघितलं. मी हसले नाही. मी तिला वाशीमच्या बसमध्ये बसवलं, खिडकीजवळची जागा बघून दिली आणि पंधरा दिवस तिला फोन केला नाही. हे म्हणाले, "दादाजवय बी नाही ना रायला? मंग झालं." झालं नव्हतं. पण रात्री झोपताना मी कॉम्प्लेक्सचा विचार करायची, खाली पाच वर चार, आणि झोप लागायची.

सोळाव्या दिवशी आत्याचाच फोन आला. मोजणीचा अर्ज तिने मुलाकडून भरून घेतला होता. तारीख मिळाली होती आणि मी हजर पाहिजे होते.

मोजणीला हजर: भूमापक, त्याचा साखळी धरणारा माणूस, दादा, लगतच्या प्लॉटवाला, हे, मी, आणि आत्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर पदर आणि पदरावर छत्री. तीन कोपऱ्यांचे दगड अर्ध्या तासात पडले. चौथ्याला भूमापक थांबला. नकाशा बघितला, परत मोजलं. मग त्याने चुना घेतला आणि कमानीच्या डाव्या खांबाच्या पलीकडून रेघ ओढली.

ती कमान दादाने मागच्या उन्हाळ्यात उभारली होती. लेआउटच्या तोंडाशी, दोन जाड खांब, वर पत्र्याची पट्टी, पट्टीवर बाबांचं पूर्ण नाव आणि पुढे 'नगर'. दोन हातांच्या फरकाने तिचा डावा खांब आत्याच्या जागेत येत होता.

"आत्या, खांबाचं राहू दे," दादा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी असा ऐकला नव्हता. "बाबाचं नाव हाय वर."

आत्याने मान वर करून ते नाव वाचलं. ओठ हलवत, पूर्ण. मग म्हणाली, "वाचलं म्या. काढा खांब."

"आत्या, लोक काय म्हणतीन?"

"मी विचारलं का कधी, लोक काय म्हणतीन?" ती माझ्याकडे वळली. "हा नाही काढत. तू काढ. तुले हौस हाय."

भूमापकाने पंचनाम्यात लिहून घेतलं: अतिक्रमण, एक खांब. दादाने सही केली. करावीच लागली. पेन परत देताना त्याने कमानीकडे बघायचं टाळलं आणि मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी जेसीबीवाल्याशी बोलून ठेवलं. तो म्हणाला, एका खांबाला दहा मिनिटं लागतील, पण एक काढला की कमान उभी राहायची नाही, वरची पट्टी खाली येईल, तिचं काय करायचं ते आधी सांगा. सोमवार ठरला होता. तो मी पुढच्या सोमवारवर ढकलला, शाळेत तपासणी होती म्हणून. मग तुरीची काढणी आटोपली आणि त्याचं मशीन रिकाम्या शेतांत बांध घालायला गेलं. आता ते मोकळं आहे. त्याचे तीन फोन येऊन गेले. आत्या दर शनिवारी एकच विचारते आणि मी म्हणते, या आठवड्यात.

वहीत ते काम चार पानांवर पुढे पुढे ओढून लिहिलेलं आहे: कमानीचा डावा खांब काढणे. पट्टी कुठे ठेवायची ते ठरवणे. पुढे काम झाल्याची खूण नाही.